पित्तखडा, जंतू आणि हळदीची मालकी

कणकवली तालुक्यातील तळेरे हे गाव म्हणजे उत्तर सिंधुदुर्गाचा चव्हाटाच होय. मुंबई–गोवा महामार्ग येथून जातो. पश्चिमेस विजयदुर्गाकडे आणि पूर्वेस करूळचा घाट चढून गगनबावड्यावरून कोल्हापूरकडे जाणारे रस्ते येथेच फुटतात. या पंचक्रोशीत कोणाच्या पोटात मध्यरात्री असह्य कळ उठली, तर नातलगांना रोगाचे निदान करण्यापूर्वी रस्त्याचे निदान करावे लागते. ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठावयाचे, बांबोळीला गोमंतकात जावयाचे, घाट चढून कोल्हापूरचा खाजगी दवाखाना धरावयाचा, की मुंबईच्या चाकरमान्याला फोन करून पैशाची वाट पाहावयाची? या निवडीत रोग्याच्या पित्ताशयाला मत नसते. मत असते ते खिशाला.

पित्ताशयातील खड्याचा विकार हा वरकरणी राजकारणाचा विषय वाटत नाही. तो शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा, फार तर स्वयंपाकघरातला विषय मानला जातो. परंतु या विकारासंबंधी गेल्या सव्वाशे वर्षांत जे संशोधन झाले आहे, त्याचा धागा हाती धरून चालत गेले की तो विहिरीच्या पाण्यापाशी, औषधी वनस्पतींच्या मालकीपाशी आणि सरकारी रुग्णालयाच्या दारापाशी येऊन पोचतो. म्हणूनच या प्रश्नाची चर्चा डॉक्टरांच्या परिषदांवर सोपवून श्रमिकांच्या चळवळीला मोकळे होता येणार नाही.

पहिला अडसर भाषेतच आहे. मराठीत ‘पित्त’ हा एक शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींचे ओझे वाहतो. आंबट करपट ढेकरा आल्या की ‘पित्त झाले’; अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठले’; आणि यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा, स्निग्ध अन्न पचविणारा हिरवट पिवळा रस, तोही पित्तच. कोकणात पहिल्या दोन्हींवर कोकम हा हुकमी उपाय: पोटात आगळ किंवा सरबत, अंगाला आमसुलाचे पाणी. या उपायाने जिवाला गारवा मिळतो, हे कोणी नाकारणार नाही. परंतु उजव्या बरगडीखाली उठणारी, पाठीकडे वा उजव्या खांद्याकडे सरकणारी, तासन्‌तास न सोडणारी कळ ही वेगळ्या कुळातली आहे. पित्ताशयाच्या नळीत अडकलेला खडा कोकमाच्या पेल्याने जागचा हलत नाही. मात्र ‘पित्तच आहे, उतरेल’ या समजुतीत दिवस जातात. मग थंडी वाजून ताप भरतो, डोळे पिवळे होतात, आणि जी गोष्ट वेळीच साध्या शस्त्रक्रियेने मिटली असती ती जिवावर बेतते. यात दोष रोग्याच्या अडाणीपणाचा नाही. सोनोग्राफीचे यंत्र आणि ते चालविणारा डॉक्टर ज्याच्या आवाक्यात नाही, त्याने कोकमावर विश्वास ठेवू नये तर कशावर ठेवावा?

खडा होतो कसा, याविषयी विज्ञानाचे मतही सरळ रेषेत गेलेले नाही. जर्मन वैद्य बर्नहार्ट नाउनिन याने १८९२ साली असे प्रतिपादन केले की, पित्त साचून राहणे आणि त्यात जंतूंचा शिरकाव होणे यांतून खडे जन्मतात. ब्रिटिश शल्यविशारद मॉयनिहन यास तर प्रत्येक खडा हा आत मरून पडलेल्या जंतूंचा स्मृतिस्तंभ वाटे. पुढे विसाव्या शतकात रसायनशास्त्राने बाजू पलटविली. पित्तात कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढले, त्यास विरघळवून ठेवणारे पित्तक्षार व लेसिथिन अपुरे पडले, म्हणजे साखरेच्या दाट पाकात जसे कण धरतात तसे स्फटिक धरतात, हे सिद्ध झाले. आणि जंतू मागे पडले. स्त्रियांत, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत, हे खडे अधिक आढळतात. सिकलसेलसारख्या रोगात तांबड्या पेशी अकाली फुटतात आणि त्यांच्या रंगद्रव्याचे काळे खडे होतात. नंदुरबार व गडचिरोलीच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेलचा जो भार आहे, त्यात ही वेदनाही मोजावी लागते.

परंतु जंतू पूर्णपणे निर्दोष सुटले नाहीत. जपानमधील सेन्दाई येथील संशोधक तोशिरो माकी यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले की, आतड्यातले काही जंतू पित्तात शिरले म्हणजे त्यांच्या विकराने पित्तातील बिलिरुबिनचे बंध तुटतात आणि ते कॅल्शियमशी संयोग पावून तपकिरी, ठिसूळ खडे तयार होतात. २०१९ साली जर्मनीतील एर्लांगन येथील संशोधकांनी आणखी एक दुवा जोडला. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी स्वतःच्या जनुकद्रव्याचे जाळे बाहेर फेकतात आणि तेच जाळे सुटे स्फटिक चिकटवून खडा बांधावयास कारण होते, असे त्यांना आढळले. आतड्यातील जंतूंचा समतोल बिघडल्याने पित्तक्षारांचे स्वरूप बदलते आणि कोलेस्टेरॉलच्या खड्यांनाही वाट मिळते, ही दिशाही अलीकडच्या संशोधनात पुढे आली आहे. म्हणजे नाउनिन सर्वस्वी खरा नव्हता, तसा सर्वस्वी खोटाही नव्हता. विज्ञानाची वाटचाल अशीच असते. आणि ज्यांना एका रात्रीत चमत्कारी औषध हवे असते, त्यांना ती नेमकी तेवढ्यासाठीच आवडत नाही.

जंतू खडा घडवितो, तसा खडाही जंतूला आसरा देतो. विषमज्वर, म्हणजे लोकांच्या तोंडचा टायफॉइड, बरा झाल्यावर शंभरातील काही थोड्या रोग्यांच्या पित्ताशयात त्याचे जंतू वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतात. अशा वाहक माणसांपैकी बहुतेकांना पित्तखडे असतात. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली मेक्सिको शहरातील रोग्यांच्या खड्यांवर या जंतूंनी विणलेला बुळबुळीत थर दाखविला. या जैवपटलाच्या आड जंतू प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. आणि स्वतः धडधाकट दिसणारा मनुष्य मलावाटे ते पसरवीत राहतो. ज्या गावात शौचालयाचा खड्डा आणि पिण्याची विहीर यांच्यामध्ये केवळ सच्छिद्र जांभ्याचा थर आहे, त्या गावाला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

वाहकाच्या प्रश्नावर भांडवली समाजाने काय केले, त्याचा धडा मेरी मॅलन या आयरिश स्वयंपाकिणीच्या चरित्रात आहे. न्यूयॉर्कच्या धनिकांच्या घरी चूल सांभाळणाऱ्या या स्त्रीचा माग १९०७ साली काढण्यात आला. ती स्वतः कधी आजारी दिसली नव्हती. तिला नदीतील बेटावर कोंडण्यात आले. १९१० मध्ये स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडण्यात आले. दुसरे पोटापुरते काम न मिळाल्याने ती नाव बदलून पुन्हा चुलीकडे वळली, आणि १९१५ मध्ये पकडली गेल्यावर १९३८ साली मरेपर्यंत त्या बेटावरच राहिली. न्यूयॉर्कमध्ये असे इतर वाहकही सापडले होते. त्यांना अशी जन्मठेप झाली नाही. मेरीने घडविलेला उपद्रव खरा होता, त्यात माणसे मेली होती. पण समाजाने तिला पर्यायी रोजगार, मानाची वागणूक आणि शुद्ध पाण्या-मैल्याची व्यवस्था देण्याऐवजी ‘टायफॉइड मेरी’ हे नाव दिले. गरिबाच्या रोगाला गुन्हा ठरविण्याची ही रीत आजही मेलेली नाही. साथ आली की वडेवाल्याची गाडी उचलली जाते; फुटलेली जलवाहिनी जागीच राहते.

दुसरा मार्ग असू शकतो, हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली विषमज्वराच्या नव्या संयुग्मित लसीची मोहीम हाती घेतली आणि पहिल्याच टप्प्यात एक लाखाहून अधिक मुलांना ती विनामूल्य टोचली. एखाद्या सार्वजनिक संस्थेने ही लस अशा व्यापक प्रमाणावर देण्याचा हा जगातील पहिला प्रयोग होता. त्याची निकड किती आहे, हे पाकिस्तानातील सिंध प्रांताने दाखविले आहे: तेथे २०१६ पासून विषमज्वराचा असा जंतू पसरला की, नेहमीची जवळजवळ सर्व प्रतिजैविके त्याच्यापुढे निकामी ठरली. भारतातही ज्या गोळ्यांनी हा ताप एकेकाळी आठवड्यात उतरे, त्यांतील अनेकींची धार बोथट झाली आहे.

प्रतिजैविकांची धार अशी बोथट होत असताना संशोधकांची दृष्टी पुन्हा वनस्पतींकडे वळावी, हे स्वाभाविक आहे. येथे भारतातील सार्वजनिक प्रयोगशाळांचे काम अभिमानाने सांगण्यासारखे आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९९० च्या दशकाच्या आरंभी असे दिसून आले की, खडे होतील असा आहार दिलेल्या उंदरांना हळदीतील कर्क्युमिन दिले तर खड्यांचे प्रमाण घटते. पुढे त्याच संस्थेत मेथी, लसूण आणि कांदा यांचाही उंदरांवर असाच परिणाम आढळला. इंडोनेशियातील एका लहान चाचणीत, १९९९ साली, १२ निरोगी माणसांना अवघे २० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिले असता पित्ताशय आकुंचन पावल्याचे दिसले. दारुहळदीतील बर्बेरिनची कथा संसर्गाशी जोडलेली आहे. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विशिष्ट जंतूने होणारा अतिसार त्याने कमी झाला. बर्बेरिन जंतूच्या पेशीत शिरले की जंतू ते पंपासारख्या यंत्रणेने बाहेर फेकतो. परंतु २००० साली अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले की, त्याच कुळातील वनस्पती हा पंप बंद पाडणारे दुसरे द्रव्यही स्वतःच तयार करतात. निसर्गाने एकाच मुळात बाण आणि ढाल फोडणारा हातोडा दोन्ही ठेवले आहेत.

मात्र येथेच विवेकाचा लगाम हवा. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि काचनळी म्हणजे पोट नव्हे. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते. २०१७ साली औषधी रसायनशास्त्रज्ञांनी त्यावरील प्रचंड वाङ्मयाचा आढावा घेऊन बजावले की, प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना चकविणारे हे द्रव्य आहे आणि माणसांवरील कसोटीत त्याचे दावे टिकलेले नाहीत. शिवाय जे द्रव्य पित्ताशय आकुंचित करते, ते निरोगी माणसात खडा होऊ न देण्यास कदाचित साह्य करील. पण आधीच खडा असलेल्या रोग्यात तेच आकुंचन खड्याला नळीत ढकलून कळ उठवू शकते. औषध आणि अपाय यांच्यातील ही रेषा जाहिरातीत कोणी दाखवीत नाही. तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे ‘पाडून’ देण्याचा धंदाही जुना आहे. २००५ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अशा एका रोगिणीने आणलेल्या हिरव्या गोळ्यांच्या पृथक्करणाची हकीकत प्रसिद्ध झाली. ते खडे नव्हतेच. तेल आणि रस यांपासून पोटात तयार झालेला तो साबण होता.

अशा वेळी दोन पक्ष हिरिरीने पुढे येतात. एक म्हणतो, पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, चाचणी हवीच कशाला? दुसरा म्हणतो, झाडपाला म्हणजे भोंदूगिरी, त्यावर पैसा दवडूच नये. दोघेही वस्तुतः एकच गोष्ट करतात: गरिबाला पुराव्यापासून वंचित ठेवतात. पहिल्या पक्षाच्या छायेत बाटल्या विकणाऱ्याचा धंदा चालतो, दुसऱ्याच्या छायेत भारी दर लावणाऱ्याचा. परंपरेचा खरा आदर तिची कसोटी घेण्यात आहे. आणि विज्ञानाची खरी निष्ठा कोकणातल्या म्हातारीच्या अनुभवालाही प्रश्न म्हणून गंभीरपणे घेण्यात आहे.

मग ही कसोटी घेणार कोण? प्रश्नाचे मर्म येथे आहे. हजारो रोग्यांवरील शास्त्रशुद्ध चाचणीस प्रचंड खर्च येतो. खाजगी कंपनी तो करते ती पुढील मक्तेदारीच्या आशेने. हळद, मेथी, लसूण यांवर मक्तेदारी मिळत नाही. म्हणून त्यांची मोठी चाचणी होत नाही. मग कंपनी काय करते? एक तर द्रव्यात किंचित फेरफार करून त्यावर हक्क सांगते, किंवा चाचणीच न करता ‘पूरक आहार’ अशी चिठ्ठी लावून तेच द्रव्य दामदुपटीने विकते. पहिल्या प्रवृत्तीचा कळस १९९५ साली दिसला. जखमेवर हळद लावण्याच्या उपायावर अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले! माशेल येथे जन्मलेले आणि मुंबईत पालिकेच्या शाळेत शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ व लेख पुराव्यादाखल मांडून ते पेटंट १९९७ मध्ये रद्द करविले. तो विजय मोठाच होता. पण तो बचावाचा विजय होता. हळद दुसऱ्याची नाही एवढे त्याने ठरले. ती पित्तखड्याच्या रोगिणीला उपयोगी पडते की अपाय करते, हे ठरविण्याचे काम जिथल्या तिथे राहिले.

ते काम सार्वजनिक हाताने होऊ शकते, याला जगाचा दाखला आहे. मलेरियावरील आर्टेमिसिनिन हे वनस्पतिद्रव्य चीनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या सरकारी प्रकल्पातून हाती आले. जुन्या ग्रंथांचा मागोवा घेऊन ते वेगळे काढणाऱ्या तू यूयू यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोट्यवधी गरिबांच्या कामी आलेले ते औषध कोणा कंपनीच्या नफ्याच्या गणितातून जन्मले नाही.

आणि महाराष्ट्राला तर दाखल्यासाठी चीनपर्यंत जाण्याचेही कारण नाही. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. पेनिसिलिन ही श्रीमंतांची चैन न राहता ती सरकारी दवाखान्यात पोचावी, हा त्याचा हेतू होता. आणि त्याच्याच प्रयोगशाळेत हॅमायसिन या बुरशीविरोधी औषधाचा शोध लागला. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावरील वस्तु-पेटंट नाकारून देशी उत्पादनाला वाट करून दिली. १९७५ च्या हाथी समितीने बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाची शिफारस केली. पुढे काय झाले? शिफारस कागदावर राहिली. पिंपरीचा कारखाना तोट्यात रुतू दिला गेला. २००५ मध्ये वस्तु-पेटंट परत आले. आणि पेनिसिलिनचा कच्चा माल चीनमधून आणावा लागतो म्हणून २०२० साली त्याच्या देशी उत्पादनासाठी खाजगी भांडवलदारांना प्रोत्साहनाचा निधी देण्याची पाळी आली. जे लोकांच्या मालकीचे होते ते आधी मोडावयाचे, आणि मग ते पुन्हा उभारण्यासाठी लोकांचाच पैसा दुसऱ्याच्या हाती द्यावयाचा, असा हा व्यवहार आहे.

शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातही हाच धडा मिळतो. खडेयुक्त पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख याने १८८२ साली बर्लिनमध्ये केली. दुर्बिणीतून, लहान छिद्रांवाटे ती करण्याचे तंत्र भारतात आले ते कोणत्या पंचतारांकित इस्पितळात नव्हे, तर मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयात. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली ती तेथे केली. हातावर पोट असलेल्या माणसाला लवकर कामावर परतणे हीच सर्वांत मोठी गरज असते, म्हणून हे तंत्र गरीब देशांनाच अधिक हवे, अशी त्यांची धारणा होती. पण तेच तंत्र पुढे खाजगी इस्पितळांच्या दरपत्रकातील ‘पॅकेज’ झाले. आणि तळेऱ्याच्या रोग्याला ते घाटापलीकडे किंवा राज्यापलीकडे शोधावे लागू लागले. २०१८ च्या आरंभी गोव्याच्या सरकारने बांबोळीच्या रुग्णालयात परराज्यातील रोग्यांना शुल्क लावले, तेव्हा सिंधुदुर्गात संतापाची लाट उसळली. तो संताप रास्त होता. पण त्याचा खरा रोख गोव्यावर नव्हे, तर १९८१ साली जिल्हा निर्माण करून चार दशके त्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय न देणाऱ्या राज्यकर्त्यांवर असावयास हवा होता. ते महाविद्यालय अखेर २०२१–२२ या शैक्षणिक वर्षापासून मार्गी लागले. पाटी लागली म्हणजे रुग्णालय पूर्ण झाले, असे मात्र मानता येत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, शुद्ध पाणी आणि मैल्याची शास्त्रीय विल्हेवाट, कारण विषमज्वराचे निम्मे औषध तेथेच आहे. दुसरी, नवी मुंबईतील मुलांना जी लस मिळाली ती कोकणातील खेड्यातील मुलांनाही मिळावी. तिसरी, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीची नियमित सोय आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात दुर्बिणीची विनामूल्य शस्त्रक्रिया. चौथी, वनस्पतिद्रव्यांच्या चाचण्या सार्वजनिक खर्चाने व्हाव्यात. सह्याद्रीच्या कुशीत, बेळगावला, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची पारंपरिक औषधींवर काम करणारी संस्था आहे. तिने आणि ओरोसच्या नव्या महाविद्यालयाने हातात हात घालून येथील रोग, येथील जंतू आणि येथील वनस्पती यांचा अभ्यास करावा, आणि त्याचे निष्कर्ष, अनुकूल असोत वा प्रतिकूल, मराठीत लोकांपुढे ठेवावेत. पाचवी, २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावाला दिलेला लाभांशाचा हक्क २०२३ च्या दुरुस्तीने ज्या सवलती देऊन आकुंचित केला, त्या मागे घ्याव्यात. जंगल राखणाऱ्याने नोंदवही भरावयाची आणि नफा शहरातल्या कंपनीने मोजावयाचा, ही न्याय्य वाटणी नव्हे.

यांतील एकही मागणी अवाजवी नाही. यांतील प्रत्येक गोष्ट कोठे ना कोठे सार्वजनिक हाताने करून दाखविली गेली आहे. पित्ताशयातील खडा एका दिवसात होत नाही. साचलेपणातून, थरावर थर चढत तो घडतो, आणि बराच काळ त्याची जाणीवही होत नाही. समाजातील विषमतेची घडणही याहून निराळी नाही. फरक इतकाच की, पित्ताशय काढून टाकले तरी माणूस सुखाने जगतो. सार्वजनिक आरोग्यव्यवस्था काढून टाकली तर मात्र तळेऱ्याच्या चव्हाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला चारांपैकी एकही रस्ता उरत नाही.